पोलिसांची वही आणि डॉक्टरांचा कागद

हैदराबादच्या निजामी राज्यात १३२९ फसली साली, म्हणजे इ. स. १९१९ मध्ये, एक आटोपशीर कायदा मंजूर झाला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांची ती कारकीर्द. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना वर्षभरापूर्वीच झाली होती आणि मुसी नदीच्या काठी उच्च न्यायालयाची भव्य वास्तू पूर्णत्वास येत होती. गुलबर्गा, ज्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी असे झाले, हे त्या राज्यातील एका सुभ्याचे मुख्य ठाणे होते, आणि बीदर हाही त्याच राज्याचा जिल्हा होता. विद्येचा आणि न्यायाचा असा विस्तार होत असतानाच ज्या लोकांना आपण आज तृतीयपंथी म्हणतो, त्यांच्यासाठी राज्याने एक नोंदवही उघडण्याचे ठरविले.

ह्या कायद्याचा आशय थोडक्यात असा होता. हैदराबाद शहरात, आणि सरकार ज्या ज्या ठिकाणी हा कायदा लागू करील त्या ठिकाणी, राहणाऱ्या अशा सर्व व्यक्तींची नावे व राहण्याचे ठिकाण एका वहीत लिहावे, की ज्यांच्यावर मुले पळविल्याचा, त्यांना खच्ची केल्याचा, किंवा अनैसर्गिक गुन्हा केल्याचा वाजवी संशय आहे. ज्याचे नाव वहीत आले, त्याने स्त्रीवेषात वा अलंकार घालून रस्त्यावर दिसता कामा नये, लोकांसमोर नाचता वा वाद्य वाजविता कामा नये. दिसल्यास वॉरंटावाचून अटक, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा शाबीत होण्याची अट नव्हती, संशय पुरेसा होता. लुगडे नेसणे आणि बांगड्या भरणे हीच शिक्षेची बाब झाली.

हा मजकूर निजामाच्या कारभाऱ्यांनी स्वतः रचलेला नव्हता. त्याचे मूळ १८७१ च्या ब्रिटिश कायद्यात आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून जो इतिहासात कुप्रसिद्ध आहे, त्याच्या दुसऱ्या भागात हीच तरतूद होती, आणि ती वायव्य प्रांत, अयोध्या, पंजाब ह्या भागांतील तृतीयपंथीयांना उद्देशून केलेली होती. पहिल्या भागात भटक्या जमाती आणि दुसऱ्या भागात हे लोक, अशी ती जोडणी होती. नोंद झालेल्या व्यक्तीला त्या कायद्याने अज्ञान मुलाचे पालकत्व घेण्यास, दत्तक घेण्यास, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र करण्यास मनाई केली होती. म्हणजे माणसाच्या मागे त्याचे काही उरू नये, अशीच व्यवस्था म्हणावयाची. भटक्या जमातींचा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला. हैदराबाद संस्थान तर १९४८ मध्येच विलीन झाले होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन तुकडे होऊन गुलबर्गा व बीदर म्हैसूर राज्यात, मराठवाडा मुंबई राज्यात व तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. पण १३२९ फसलीचा कायदा तेलंगण विभागाच्या कायदेपुस्तकात तसाच राहिला.

आणखी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. २०११ मध्ये कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात छत्तीस-अ हे नवे कलम घातले गेले. पोलीस आयुक्तांनी आपल्या हद्दीतील अशा व्यक्तींची नावे व राहण्याची ठिकाणे ह्यांची वही ठेवावी, ज्यांच्यावर मुले पळविल्याचा, खच्ची केल्याचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्यांचा वाजवी संशय आहे, असा त्याचा मजकूर होता. १८७१ चे वाक्य १९१९ मध्ये हैदराबादेस आले आणि २०११ मध्ये बंगळुरास पोहोचले. इंग्रज गेले, निजाम गेले, संस्थान गेले. वाक्य मात्र एकशे चाळीस वर्षे टिकले. ह्या कलमाला पुढे न्यायालयात आव्हान दिले गेले आणि मग सरकारने त्यातून त्या समाजाचा उल्लेख काढून टाकला. हैदराबादचा मूळ कायदाही अखेर तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. एका संपूर्ण समाजाला गुन्हेगार समजणारा आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर आघात करणारा हा कायदा आहे, असा त्या निकालाचा अभिप्राय होता. ज्या वास्तूचे उद्घाटन १९२० मध्ये निजामाच्या हस्ते झाले, त्याच न्यायालयाने निजामाच्या काळची ती वही बंद केली.

आता ह्या कायद्यातील एका लहानशा शब्दप्रयोगाकडे लक्ष दिले पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यातूनच निघते. नपुंसक कोणाला म्हणावे ह्याची व्याख्या करताना १८७१ च्या आणि १९१९ च्या दोन्ही कायद्यांनी म्हटले की, जो स्वतः तसे कबूल करतो, अथवा जो वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्टपणे दिसून येतो, तो. म्हणजे पोलिसांच्या वहीपर्यंत जाणारा रस्ता डॉक्टरांच्या खोलीतून जात होता. दुखणे बरे करावे म्हणून ज्याच्याकडे जावयाचे, तोच येथे शिपायाचा साक्षीदार झाला. ह्या समाजाच्या मनात दवाखान्याविषयी जी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली दिसते, तिचे एक कारण येथे सापडते. अडाणीपणा हे त्याचे कारण नव्हे. डॉक्टरांच्या तपासणीचा शेवट कोठे होतो, हे त्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते.

ह्याच्या आधी ह्या प्रदेशात त्यांचे स्थान कसे होते? चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीच्या ज्या सेनापतीने देवगिरी, वरंगळ आणि द्वारसमुद्र येथपर्यंत धडक मारली, तो मलिक काफूर खोजा होता. सुलतानांच्या आणि निजामांच्या वाड्यांतून ख्वाजासरा हे विश्वासाचे सेवक असत. दुसरीकडे, रेणुका-यल्लम्मेच्या उपासनेत जोगप्पांना स्थान होते. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडके वाजवीत जाणारा जोगता महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. राजन गवस ह्यांनी ‘भंडारभोग’ ह्या कादंबरीत त्याचेच जिणे मराठी वाचकांसमोर ठेवले. विचाराच्या क्षेत्रात पाहावयाचे तर त्याहून जुना दाखला आहे. पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातील सुरपूर तालुक्यात मुदनूर नावाचे गाव आहे. बसवेश्वरांच्याही आधीचे वचनकार जेडर दासिमय्या हे तेथले. स्त्री आणि पुरुष हा भेद देहाच्या खुणांवरून आपण करतो, आत वावरणारा जीव मात्र ह्यांपैकी काहीच नाही, असा विचार त्यांनी कन्नड वचनात मांडला आहे.

परंतु जुना काळ सोन्याचा होता, असा निष्कर्ष ह्यावरून काढणे बरोबर होणार नाही. देवळाच्या पायरीवर मान मिळणे आणि घराच्या उंबरठ्याच्या आत जागा मिळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बळ्ळारी जिल्ह्यातील जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती ह्यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतिभवनात सन्मान घेताना त्यांना साऱ्या देशाने पाहिले. पण किशोरवयात घर सोडावे लागले, जगणे नकोसे झाले, जीव देण्याचाही प्रयत्न झाला, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. देवीने स्वीकारले, कलेने तारले. त्या वयात त्यांच्याशी शांतपणे बोलणारा आणि आईवडिलांची समजूत घालणारा जाणता माणूस मात्र जवळपास कोठे नव्हता. प्रश्न आहे तो ह्याच माणसाचा.

वैद्यकशास्त्राने ह्या विषयात काय केले, ते आता पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील डॉक्टरांनी समलिंगी आकर्षण हा गुन्हा नसून मनाचा विकार आहे, असे म्हणण्यास आरंभ केला. त्या काळी ही एक प्रकारची दयाच होती, कारण तुरुंगापेक्षा रुग्णालय बरे असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु पोलिसांच्या वहीतले नाव डॉक्टरांच्या वहीत उतरले, एवढाच त्याचा परिणाम झाला. ह्याहून निराळे बोलणारे थोडे होते. जर्मनीतील डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड ह्यांनी १९१९ मध्ये बर्लिन येथे लैंगिक विज्ञानाची संस्था स्थापन केली. हैदराबादेत नोंदवही उघडली ते हेच वर्ष. ह्या लोकांना बरे करावयाचे नसून त्यांना जगाच्या छळापासून वाचवावयाचे आहे, अशी हिर्शफेल्ड ह्यांची भूमिका होती. १९३१ मध्ये ते हिंदुस्थानातही येऊन गेले. १९३३ मध्ये हिटलरच्या अनुयायांनी त्यांची संस्था लुटली आणि तेथील ग्रंथ भर चौकात जाळले.

महाराष्ट्रातही ह्याच सुमारास एक माणूस एकाकी झगडत होता. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते शास्त्राधारे उत्तरे देत. त्यांतील हस्तमैथुन व समलिंगी संबंध ह्यांविषयीच्या उत्तरांवरून सरकारने त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, आणि ज्यांना शंका आहेत त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला आणि कर्वे ह्यांना दोनशे रुपये दंड झाला. तथापि ह्या खटल्याचे खरे महत्त्व निकालात नाही. ज्या वाचकांनी ती पत्रे लिहिली, त्यांना घरी विचारता येत नव्हते आणि डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य नव्हते. एका मासिकाचा पत्ता हाच त्यांचा सल्लागार होता. मराठी भाषेत ह्या विषयावरील समुपदेशनाचा आरंभ कोठून झाला असे कोणी विचारल्यास, तो कर्वे ह्यांच्या पत्रोत्तरांतून झाला असेच म्हणावे लागेल.

विकार आहे हे गृहीत धरून शास्त्र पुढे चालले होते. पण ते तपासून पाहिले होते कोणी? रुग्णालयात आणि तुरुंगात आलेल्या माणसांवरून अनुमाने काढली जात. आजारी माणसेच तपासली तर सर्व आजारीच दिसणार. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर ह्यांनी ही चूक ओळखली. त्यांनी उपचारासाठी न आलेले, नित्याचे जीवन जगणारे तीस समलिंगी पुरुष आणि तितकेच अन्य पुरुष घेतले, त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या केल्या, आणि नावनिशाणी काढून ते कागद निष्णात परीक्षकांपुढे ठेवले. कोणता कागद कोणाचा हे परीक्षकांना ओळखता आले नाही. हे संशोधन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तेच केले. जन्मतः दिलेल्या लिंगाशी स्वतःची ओळख न जुळणे हा मानसिक आजार नव्हे, हेही त्या संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या नव्या वर्गीकरणात मान्य केले.

आपल्याकडे मात्र यादी बदलली तरी दवाखाना लगेच बदलला नाही. विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांनंतरही समलिंगी तरुणांना ‘सुधारण्या’चे प्रयोग भारतात होत राहिले आणि त्यांचे वृत्तांत मानसोपचाराच्या नियतकालिकांतूनही छापले गेले. नको त्या चित्राबरोबर विजेचा हलका झटका द्यावयाचा, म्हणजे मनात तिटकारा निर्माण होईल, अशी त्यामागील कल्पना होती. निर्माण झाला तो बहुधा स्वतःविषयीचाच तिटकारा. २००१ मध्ये दिल्लीतील अशाच एका उपचाराविरुद्ध राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गेली. दंडविधानाचे ३७७ वे कलम अस्तित्वात असल्यामुळे आयोगाने ती विचारात घेण्याचे नाकारले. म्हणजे पोलिसांची वही डॉक्टरांच्या कागदाच्या आड अजून उभीच होती. कायदा बदलल्यावाचून उपचार बदलणे कठीण होते.

हा बदल पुढील वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने झाला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपणच ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये संसदेने मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा केला. ह्या कायद्याची दोन कलमे प्रत्येक सुशिक्षित घरात माहीत असावयास हवीत. तिसऱ्या कलमाप्रमाणे, एखादा मनुष्य आपल्या समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक वा धार्मिक समजुतींप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. अठराव्या कलमाप्रमाणे मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि त्यात जात, धर्म, लिंग ह्यांबरोबरच लैंगिक कल ह्यावरूनही भेदभाव करण्यास मनाई आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांस ३७७ व्या कलमातून मुक्त केले. त्या वेळी न्यायमूर्ती नरीमन ह्यांनी आपल्या निकालपत्रात ह्याच २०१७ च्या कायद्याचा आधार घेतला. निकालापूर्वी काही आठवडे, भारतीय मानसोपचार संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अजित भिडे ह्यांच्या कारकीर्दीत संघटनेने जाहीर केले होते की समलैंगिकता हा आजार नाही.

२०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एक प्रकरण आले. घर सोडून आलेल्या दोन तरुणींना त्यांच्या पालकांपासून व पोलिसांपासून संरक्षण हवे होते. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश ह्यांनी निकाल देण्यापूर्वी एक असाधारण गोष्ट केली. आपणास ह्या विषयाचे पुरेसे ज्ञान नाही असे सांगून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे शिकावयास बसले. मग त्यांनी लैंगिक कल ‘बदलण्या’च्या वैद्यकीय प्रयत्नांस मनाई करणारे आदेश दिले, आणि त्याच प्रकरणाच्या ओघात २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय असे राज्यांच्या वैद्यक परिषदांस कळविले. न्यायाधीशाला शिकण्यात कमीपणा वाटला नाही. डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी तो का मानावा?

दिल्ली, मद्रास, बंगळूर येथे हे घडले. गुलबर्गा, आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद येथील एखाद्या घरात त्याचा उपयोग काय? येथे ह्या प्रदेशाचाच आणखी एक इतिहास साह्यास येतो. जुन्या काळी मनोरुग्णाला दूर नेऊन ठेवणे हाच उपचार होता. मुंबई इलाख्यात धारवाड येथे १८४५ पासून वेड्यांचे इस्पितळ होते. तेथे गेलेला मनुष्य बहुधा गावाला परका होई. ही पद्धत मोडण्याचा मोठा प्रयोग बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजेच निमहान्सने, १९८५ च्या सुमारास बळ्ळारी जिल्ह्यात केला. तज्ज्ञाने सर्व रुग्ण पाहावे हे शक्य नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवक ह्यांनाच मनाचे आजार ओळखण्याचे आणि साधी औषधे देण्याचे शिक्षण द्यावयाचे, असा तो प्रयोग होता. तो ‘बळ्ळारी नमुना’ म्हणून देशभर प्रसिद्ध झाला आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया ठरला. १० ऑक्टोबर २०२२ पासून दूरध्वनीवरून समुपदेशन देणारी टेलिमानस ही सरकारी सेवाही १४४१६ ह्या क्रमांकावर सुरू झाली. सारांश, जिल्ह्यातल्या माणसावर जिल्ह्यातच उपचार व्हावा, हा विचार ह्याच भूमीत प्रथम रुजला. उरला आहे तो एवढाच प्रश्न, की त्या खोलीत शिरणाऱ्या तरुणाला तेथे काय ऐकावे लागेल.

सीमाभागात ह्या प्रश्नाला भाषेची एक अडचण जोडलेली आहे. येथील मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड शिकतो, बाजारात दखनी ऐकतो, आणि डॉक्टर कागदावर इंग्रजी लिहितात. स्वतःच्या मनातील गोष्ट तो कोणत्या भाषेत सांगणार? कन्नडमध्ये तृतीयपंथी स्त्रियांस ‘मंगळमुखी’ असा सुंदर शब्द आहे. उर्दूत ख्वाजासरा हा दरबारी शब्द आहे. मराठीत तृतीयपंथी, समलिंगी हे शब्द छापील मजकुरात रुळले. पण स्वयंपाकघरात आणि चावडीवर आजही जे शब्द कानी पडतात, ते बहुतेक शिव्यांच्या जातीचे आहेत. ज्या गोष्टीला घरच्या भाषेत केवळ शिवीच आहे, ती गोष्ट आईजवळ कशी सांगावी? मग तो मुलगा सांगतो की झोप लागत नाही, छातीत धडधडते, अभ्यासात मन लागत नाही. डॉक्टर झोपेची गोळी देतात. गोळीने झोप लागते, पण जे सांगावयाचे ते तसेच राहते.

आधुनिक मानसशास्त्र ज्याला स्वीकाराचा उपचार म्हणते, तो येथून सुरू होतो. त्यात काही गूढ नाही. समलिंगी वा तृतीयपंथी माणसाला नैराश्य, चिंता, व्यसन, आत्मघाताचे विचार हे अधिक प्रमाणात आढळतात, हे खरे आहे. पण त्यांचे कारण त्याच्या असण्यात नाही. कोणी ओळखील का, कोणी हसेल का, घरातून हाकलतील का, ह्या सततच्या भीतीत तो असतो. अमेरिकन संशोधक इलन मायर ह्यांनी २००३ मध्ये अल्पसंख्याकांवरील ताण ह्या नावाने ह्याचे सविस्तर विवेचन केले. अंगावर रोज ओझे वाहणाऱ्या हमालाची पाठ दुखते, म्हणून त्याची पाठच सदोष आहे असे कोणी म्हणत नाही. ओझे किती आहे, हे प्रथम पाहतात. चांगला समुपदेशक हेच करतो. तो नैराश्यावर उपचार करतो, ओळखीवर करीत नाही. ज्या नावाने हाक मारलेली रुग्णाला हवी असते, त्या नावाने तो हाक मारतो. रुग्णाने सांगितलेली गोष्ट त्याच्या अनुमतीवाचून वडिलांच्या वा मामाच्या कानी घालीत नाही, कारण लहान गावात एक वाक्य बाहेर गेले तर ते परत येत नाही. आणि आईवडिलांनाही तो समोर बसवितो. त्यांचा संताप बहुधा भीतीतून आलेला असतो. लोक काय म्हणतील, म्हातारपणी ह्याला कोण पाहील, ही ती भीती. तिलाही ऐकून घेणारा कोणीतरी लागतो.

सर्वांत मोठी हानी होते ती एका सल्ल्याने, आणि तो सल्ला शहाणीसुरती माणसेही देतात. “लग्न करून द्या, सर्व ठीक होईल.” हा सल्ला औषध म्हणून दिला जातो, आणि त्या औषधासाठी दुसऱ्या घरची एक निरपराध मुलगी खर्ची पडते. ती कशासाठी आपल्याला आणली हे तिला कोणी सांगत नाही. पुढे दोष बहुधा तिच्याच माथी येतो. मुलगी समलिंगी असेल तर तिची स्थिती याहून बिकट, कारण तिला घर सोडून जाण्याचीही सोय नसते आणि जोगप्पांसारखा एखादा जुना आसराही नसतो. ज्या डॉक्टरांनी, ज्या शिक्षकांनी, ज्या धर्मगुरूंनी हा सल्ला देण्याचे टाळले, त्यांनी एका वेळी दोन माणसांना वाचविले असे समजण्यास हरकत नाही.

ह्या इतिहासात वही हे साधन वारंवार आले. १८७१ ची वही संशयाची होती, १९१९ ची तीच. नंतर विकारांची यादी आली. २०१९ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळण्याची व्यवस्था आली. समुपदेशनासह आरोग्यसेवा पुरविण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने सरकारवर टाकले. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने नोकऱ्यांत त्यांना एक टक्का आरक्षण दिले, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. हक्क मिळण्यासाठीही नाव नोंदवावेच लागते. तेव्हा नाव लिहिणे ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. ते कोणी लिहावे, कशासाठी लिहावे आणि त्या माणसाने सांगितले तसे लिहावे की दुसऱ्याने ठरविले तसे, ह्यावर सर्व अवलंबून आहे.

गुलबर्ग्याच्या वा बीदरच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना खिडकीवरील कारकून तीन गोष्टी विचारतो: नाव, वय, स्त्री की पुरुष. ह्या तिसऱ्या प्रश्नाशी जो मनुष्य अडखळतो, त्याच्या मागे रांग उभी असते आणि रांगेतले लोक पाहत असतात. त्या क्षणी कारकुनाने मान वर करून काय पाहिले, आवाज चढविला की खाली आणला, ह्यावर तो मनुष्य आत डॉक्टरांपर्यंत जाईल की तेथूनच परत फिरेल हे ठरते. संसदेने कायदा केला, न्यायालयांनी निकाल दिले, तज्ज्ञांनी यादी दुरुस्त केली. आता काम उरले आहे ते ह्या खिडकीवरचे, तालुक्याच्या डॉक्टरांचे, वर्गातल्या शिक्षकांचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे. त्याला मोठा खर्च लागत नाही. बळ्ळारीच्या प्रयोगात साध्या आरोग्यसेवकांनी जे शिकून दाखविले, ते ह्या बाबतीतही शिकता येण्यासारखे आहे.